रेषेवर पडलेलं फूल कुणाचं?

मैत्रिणींनो, सांगवीत आमच्या सोसायटीच्या कोर्टवर आम्ही चौघीजणी संध्याकाळी बॅडमिंटन खेळतो. परवा मी मारलेलं फूल नेमकं मागच्या रेषेवर पडलं. बाकावरचा एक कॉलेजकुमार ओरडला, "काकू, आऊट!" आम्ही मुकाट्यानं पॉइंट देऊन टाकला. घरी मुलगी म्हणाली, "अगं आई, रेषेवर पडलं तर ते आतच!"

मग नियम नीट समजून घेतले. डबल्समध्ये कडेच्या पट्ट्याही खेळात असतात. सर्व्हिस मात्र तिरकी, समोरच्या चौकोनातच. मागच्या दोन रेषांपैकी आतली ओलांडली, की सर्व्हिस बाद. ती परतवली, की मागची पट्टीही खुली. सर्व्हिस करणाऱ्या जोडीचे गुण सम असतील तर उजवीकडून, विषम असतील तर डावीकडून. एवढंच तर आहे!

या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७३च्या सुमारास इंग्रजांनी आपल्या पुण्यातच बसवले. वर्ध्यात जन्मलेल्या ज्वाला गुट्टानं अश्विनी पोनप्पाच्या जोडीनं २०११ साली जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवलं.

'आपल्याला कुठं स्पर्धेत जायचंय?' असं आपण म्हणतो. पण नियम ठाऊक नसला, की दुसरा सांगेल ते खरं मानावं लागतं. बचत गटात मीच बायकांना सांगते, पासबुक स्वतः वाचा. आणि कोर्टवर मी काय केलं?

काल पुन्हा "आऊट!" ऐकू आलं. मी रेषेपाशी जाऊन पाहिलं. फूल खरंच बाहेर होतं. पॉइंट दिला, पण स्वतः बघून!