नात्यागोत्यांचा गुन्हा

१९५३ साली अमेरिकेच्या हवाई दलातील मायलो रादुलोविच या राखीव लेफ्टनंटला सेवेतून दूर करावे, अशी शिफारस चौकशी मंडळाने केली. त्याच्या स्वतःच्या निष्ठेविषयी कोणाची तक्रार नव्हती. आक्षेप होता तो वडील व बहीण यांच्यावर. वडील सर्ब स्थलांतरित, मोटार-कारखान्यात राबणारे. कम्युनिस्ट समजले जाणारे सर्बियन वृत्तपत्र ते वाचतात, हा त्यांच्यावरील ठपका. पुरावा म्हणून एक बंद लिफाफा दाखवण्यात आला. तो उघडलाच गेला नाही. ऑक्टोबरात एडवर्ड मरो यांनी हे प्रकरण दूरचित्रवाणीवर मांडले आणि नोव्हेंबरात हवाई दलाला आपला निर्णय फिरवावा लागला.

गुप्त कागदपत्रे हाताळण्याचा परवाना, म्हणजे ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’, देताना सरकारने चौकशी करू नये असे कोणी म्हणणार नाही. परदेशातील आप्ताला वेठीस धरून एखाद्याकडून गुपित काढून घेतले जाऊ शकते, ही भीती काल्पनिक नव्हे. जून २०१७ पासून लागू झालेल्या अमेरिकन निकषांनी एक शहाणपणही दाखवले आहे. त्यापूर्वी, २००० सालापासून, संरक्षण खात्याचा परवाना हवा असेल तर परकीय पारपत्र परत करावे लागे. आता दुहेरी नागरिकत्व ही बाब एकटी अपात्रतेचे कारण ठरत नाही. ते लपवू नये आणि अमेरिकेत येता-जाता अमेरिकन पारपत्रच वापरावे, एवढी अपेक्षा आहे.

परंतु पारपत्र परत करता येते, आई परत करता येत नाही. ‘परकीय प्रभाव’ या निकषाखाली परदेशस्थ आईवडील, भावंडे, सासरची माणसे यांची जंत्री अर्जदाराला द्यावी लागते. ती माणसे कोणत्या देशात राहतात यावर धोक्याचे माप ठरते आणि शंका उरलीच तर ती अर्जदाराच्या विरुद्ध जाते. अमेरिकन नागरिक झालेल्या मराठी अभियंत्याला दुहेरी नागरिकत्वाचा प्रश्न सहसा पडत नाही, कारण भारतीय कायद्याला ते मान्यच नाही; २००५ नंतरचे परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड मताचा हक्क देत नाही, पारपत्रही देत नाही. पण डोंबिवलीत राहणारे वृद्ध वडील आणि सरकारी नोकरीतला भाऊ त्याच्या अर्जात येतातच. उद्या कोणी त्यांच्यावर दडपण आणले तरी आपण वाकणार नाही, हे त्याने आज सिद्ध कसे करावे?

अन्याय झालाच तर दाद कोठे मागायची, हा खरा प्रश्न आहे. १९५९ च्या ग्रीन खटल्यानंतर आयझेनहॉवर यांनी १९६० मध्ये कंत्राटी उद्योगांतील नोकरांना सुनावणीचा हक्क दिला, ही मोलाची गोष्ट. पुढे १९८८ मध्ये, पाणबुड्यांच्या नौदल तळावरील एका मजुराच्या खटल्यात, असा परवाना हा कोणाचाही हक्क नाही आणि तो नाकारण्याच्या गुणदोषांत नोकरशाहीवरील अपील मंडळाने शिरू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. तेथे वाद परकीय आप्तांचा नव्हता. पण निकालाची झळ अशा आप्तांमुळे अपात्र ठरणाऱ्यांनाही लागते. परवाना गेला की नोकरी जाते, आणि नोकरी गेल्याची तक्रार ऐकणारा परवान्याला हात लावू शकत नाही!

त्याच निकालात एक फट मात्र आहे. विधिमंडळाने स्पष्टपणे वेगळी तरतूद केली नसेल तरच हा नियम चालतो, असे न्यायालयाने म्हटले आहे. नाते हे नव्हे तर विशिष्ट कृत्य वा विशिष्ट धोका लेखी कारणांत नमूद व्हावा आणि खात्याबाहेरील स्वतंत्र मंडळाने तो तपासावा, असा कायदा करणे अमेरिकन काँग्रेसच्या हाती आहे. तेथील कामगार संघटनांनी ही मागणी लावून धरावयास हवी.