गाठीवर बोट, नजर पल्याड

पायात काटा मोडला आणि जांघेत अवधाण आलं, हे ऊसतोडीवरचा माणूस आपणहून सांगतो. निम्मं निदान त्यानेच केलेलं असतं. मानेत गाठ आली की मात्र आपण डॉक्टर मंडळी गाठीलाच आजार समजून बसतो.

लसिका गाठ सुजते ती बहुधा कामाला लागलेली असते म्हणून. डेंड्रिटिक पेशी जंतूंचे अंश घेऊन लसिकावाहिन्यांतून गाठीत येतात आणि पॅराकॉर्टेक्समध्ये टी पेशींना ते दाखवतात. ओळख पटेल अशी टी पेशी लाखांत एखादी. म्हणून गाठ काही काळ बाहेर जाणाऱ्या पेशी अडवून धरते. नेमकी पेशी सापडली की ती झपाट्याने वाढते. जर्मिनल सेंटरमध्ये बी पेशींची प्रतिपिंडे अधिक नेमकी होत जातात. घसा धरून गेलेल्या मुलाच्या मानेतली वाटाण्याएवढी, मऊ, सरकती गाठ ही या धावपळीची खूण. तिला औषध नको, काही आठवड्यांनी पुन्हा हात लावून पाहणं पुरे.

क्षयाचा जंतू याच व्यवस्थेत घुसतो. त्याला गिळणाऱ्या पेशींतच तो जगतो आणि त्याच्याविरुद्ध तयारी जिथे व्हायची त्या गाठीतच मुक्काम ठोकतो. मिरजेला हे नवं नाही. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं. क्षयरुग्णांच्या आरोग्यधामाची वानलेसवाडी आजही त्यांचंच नाव सांगते. तरी गंडमाळेचा पेशंट अजूनही अँटिबायोटिकचे दोन कोर्स, त्यातला एक क्विनोलोनचा, संपवूनच पुढे येतो. क्विनोलोन क्षयाच्या जंतूला अर्धवट दाबतं आणि निदान लांबतं. त्याहून वाईट म्हणजे निदानाआधीचं स्टिरॉइड: लिम्फोमा असला तर गाठ विरघळते आणि पॅथॉलॉजिस्टच्या हाती काही लागत नाही.

एफएनएसी करताना थोडा द्राव सीबीनाटसाठी राखावा. काढलेली गाठ अख्खी फॉर्मॅलिनमध्ये टाकली की कल्चर गेलंच. एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा द्यावा. जत-अथणीहून आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा सुईसाठी बोलावणं म्हणजे त्याची आणखी एक मजुरी बुडवणं. गळू समजून चीर तर देऊच नये, ती जागा महिनोन्‌महिने वाहत राहते. क्षयाची औषधं चालू असताना गाठ वाढली तर ती प्रतिकारशक्तीच्या उसळीनेही वाढलेली असू शकते. निदान आणि औषधांना होणारा विरोध पुन्हा तपासावा, पण घाईने औषधं बदलू नयेत. सहा महिन्यांच्या उपचारानंतर उरलेली बारीक, न दुखणारी गाठ म्हणजे अपयश नव्हे.

आणि चाळिशीपुढचा, तंबाखू मळणारा माणूस मानेत टणक गाठ घेऊन आला, तर सुईआधी टॉर्च काढावा. जिभेची कड, गालाची आतली बाजू, शेवटच्या दाढेमागची जागा नीट पाहावी. मिश्रीवाल्या बाईचंही तोंड असंच पाहावं. तिला तंबाखूबद्दल विचारलं तर ती नाहीच म्हणते.