गणिताची परीक्षा कीं पाठांतराची?

दिवाळी आटोपली, फराळाचे डबे रिकामे झाले, कीं शहरांतील किती तरी घरांत बारावीच्या परीक्षेखेरीज दुसरा विषय उरत नाहीं. घरांतील मुलगा किंवा मुलगी विज्ञानशाखेस असेल तर ह्या चिंतेचा निम्मा भार एकट्या गणितावर असतो. आईबाप ऐपतीप्रमाणें, आणि पुष्कळदां ऐपतीबाहेर जाऊन, क्लासाची फी भरतात, मार्गदर्शिका आणितात, व मुलगा मध्यरात्रीपर्यंत वह्या भरीत बसलेला पाहून तयारी उत्तम चालली आहे असें समाधान मानितात. ही तयारी खरी कीं तयारीचा नुसता भास, हा आजचा आमचा प्रश्न आहे.

प्रथम परीक्षेचें स्वरूप पाहूं. राज्य मंडळाची बारावीची गणिताची लेखी परीक्षा ८० गुणांची व तीन तासांची असते. उरलेले २० गुण प्रात्यक्षिकाचे. आरंभींचे लहान प्रश्न सोडले तर पुढें दोन गुणांच्या १२ प्रश्नांपैकीं ८, तीन गुणांच्या १२ पैकीं ८, व चार गुणांच्या ८ पैकीं ५ प्रश्न सोडवावयाचे असतात. हा पर्याय विद्यार्थ्याच्या सोयीसाठीं आहे. पण बाजारांत त्याचा अर्थ निराळाच लागतो. अमुक प्रकरण गाळा, तमुक प्रकारचीं उदाहरणें पाठ करा, म्हणजे काम भागलें! पुढें त्याच मुलास इंजिनियरिंगच्या प्रवेशासाठीं सीईटीस बसावें लागतें. तेथें ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, आणि त्यांपैकीं सुमारें २० टक्के अकरावीच्या भागावर. जी अकरावी विश्रांतीचें वर्ष समजून घालविली, ती येथें आपली थकबाकी व्याजासह मागते.

व्यापारी मंडळींस स्वतः पडताळून पाहतां येईल असें एक उदाहरण घेऊं. ३० सेंटिमीटर बाजूचा चौरस पत्रा आहे. त्याच्या चारी कोपऱ्यांतून सारखे चौरस कापून कडा वर दुमडल्या, तर वरून उघडा डबा तयार होतो. त्यांत अधिकांत अधिक माल मावावा म्हणून कोपऱ्यांतून केवढा चौरस कापावा? ४ सेंटिमीटर कापल्यास डब्याचें घनफळ १,९३६ घनसेंटिमीटर येतें, ५ कापल्यास २,०००, आणि ६ कापल्यास पुन्हां घटून १,९४४. उत्तर ५, म्हणजे बाजूचा सहावा हिस्सा. पाठांतर करणारा विद्यार्थी ‘सहावा हिस्सा’ एवढेंच घेऊन परीक्षेस जातो. परीक्षकानें १६ व १० सेंटिमीटर बाजूंचा लांबट पत्रा दिला, कीं हा सहावा हिस्सा कोणत्याच बाजूस लागू पडत नाहीं. तेथें खरें उत्तर २ आहे. काप वाढवीत गेलें असतां घनफळ प्रथम वाढतें व मग घटतें, आणि जेथें वाढ संपून घट सुरू होते तेथें वाढीचा वेग शून्य असतो, हें ज्याला कळलें आहे त्याला पत्रा चौरस असो वा लांबट, दोन्ही सारखेच. ज्या डेरिव्हेटिव्हच्या नांवानें मुलें घाबरतात, तो म्हणजे हाच वाढीचा वेग होय.

न्यायालयांत आम्ही नित्य पाहतों कीं, पढविलेला साक्षीदार सरतपासणींत घडाघडा बोलतो आणि उलटतपासणींतील पहिल्याच अनपेक्षित प्रश्नास अडखळतो. खरें पाहिलेला साक्षीदार शब्दांनीं अडाणी असला तरी टिकतो. परीक्षा ही उलटतपासणीच आहे.

यावर कोणी म्हणतील कीं, वेळ थोडा आहे, जग गुण विचारतें, आणि पाठांतरानें गुण मिळतात. सूत्रें पाठ असलींच पाहिजेत, हें आम्हांस मान्य आहे. पाढे न येणारा हिशेब काय करणार? पाठांतरावर उत्तीर्ण होतां येतें, हेंही खरें. पण बारावीचें गणित हा इंजिनियरिंगचा, संख्याशास्त्राचा व संगणकविद्येचा पाया आहे. पायांत वाळू भरून मजला लवकर चढविला, तर तो पुढें कोणाच्या डोक्यावर येतो?

मग तयारी कशी करावी? सोडविलेलें उदाहरण वाचून समजलें म्हणजे तें आलें असें नव्हे. उत्तर हातानें झांकावें, कोऱ्या कागदावर स्वतः सोडवावें, अडेल तेथें एकच ओळ उघडून पाहावी व पुन्हां झांकावी. आठ दिवसांनीं तेंच उदाहरण पुस्तकाशिवाय करावें. दुसरें, चुकांची निराळी वही ठेवावी. जो दुकानदार नफा तेवढा लिहितो आणि बुडीत उधारी लिहीत नाहीं, त्याचें पुढें काय होतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तिसरें, आतांपासून आठवड्यांतून एक दिवस मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवून, घड्याळ लावून, तीन तास जुनी प्रश्नपत्रिका अखंड सोडवावी. पायऱ्या पुऱ्या लिहाव्या. मंडळाच्या परीक्षेंत शेवटचें उत्तर चुकलें तरी बरोबर पायऱ्यांचे गुण मिळतात. सीईटीचा वेग सर्वांत शेवटीं कमवावा. ज्यास वाट ठाऊक आहे त्यासच धांवतां येतें.

परंतु सारा भार मुलांवर टाकून मोठ्यांस मोकळें होतां येणार नाहीं. हजेरीपटावर नांव कॉलेजांत आणि देह क्लासांत, ही रीत इतकी बोकाळली कीं २०१८ सालीं राज्य सरकारास विज्ञानशाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा हुकूम काढावा लागला. वर्ग ओस पडले तर श्रीमंताचें कांहीं अडत नाहीं. ज्याच्या बापास क्लास परवडत नाहीं त्याचा एकुलता एक आधार मात्र जातो. दहावीपर्यंत मराठींत शिकलेल्या मुलास तर अकरावींत सारें गणित एकाएकीं इंग्रजींतून भेटतें. अडतो तो शब्द. पण आपणांस गणितच येत नाहीं असा त्याचा ग्रह होतो. आणि संध्याकाळचा क्लास दूर आहे म्हणून हुशार मुलीचें गणितच सोडविणारे पालक अजून आपल्यांत आहेत, ही आम्हां सर्वांस लाज आणणारी गोष्ट आहे.

उपाय आपल्या हातीं आहेत. क्लासाच्या दारीं रांग लावणाऱ्या पालकांनीं एकदां कॉलेजांत जाऊन, गणिताचे आठवड्यांत किती तास प्रत्यक्ष होतात, हें प्राचार्यांस विचारावें व तास होत नसतील तर ते होईपर्यंत विचारीत राहावें. वाचनालयांनीं व व्यापारी संघांनीं आपलीं दालनें संध्याकाळीं दोन तास मुलामुलींस अभ्यासासाठीं उघडीं करावीं. निवृत्त गणितशिक्षक बहुतेक प्रत्येक शहरांत आहेत; त्यांस सन्मानानें बोलावावें, आणि कठीण शब्द मराठींत समजावून सांगण्याची विनंती करावी. ह्यास लागणारा खर्च एका मुलाच्या क्लासाच्या फीहून फारसा अधिक होणार नाहीं, आणि लाभ मात्र पन्नास घरांस होईल. परीक्षेस अजून तीन महिने आहेत. तेवढा अवधि मुलांस पुरेसा आहे. मोठ्यांनीं तो दवडूं नये.