पाण्यांत नेलेलें भिंग

आमचा मुक्काम मेहकरास. बुलढाणा जिल्ह्यांत समुद्र नाहीं. पाण्याचें नांव काढलें कीं आमच्यापुढें वाड्यांतील विहीर, पैनगंगेचें पात्र, नाहीं तर लोणारचें सरोवर उभें राहतें. त्यांतलें लोणारचें पाणी खारट आणि क्षारयुक्त. २०२० च्या जून महिन्यांत तें गुलाबी झालें, तेव्हां त्याचीं छायाचित्रें जगभर गेलीं. असल्या मुलुखांतील एका जुन्या मास्तरानें समुद्राच्या तळाशीं छायाचित्रें घेणारांसंबंधीं लिहावें, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण प्रसंग आमच्या घरांतलाच आहे, म्हणून लिहितों.

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू पुण्यास नोकरीला असतो. त्यास पाण्याखालीं उतरण्याचा नाद. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचें स्कूबा शिकविणारें केंद्र आहे. जवळच मालवणच्या समुद्रांत प्रवाळ आणि रंगीबेरंगी मासे आहेत, व त्या भागास १९८७ सालापासून सागरी अभयारण्याचा दर्जा आहे. पावसाळा सरला कीं हा तिकडे जातो. गेल्या दिवाळींत तो घरीं आला तेव्हां कॅमेरा होता, पण त्याचें एक भिंग नव्हतें. "पाण्यांत पडलें," एवढेंच तो आईला म्हणाला. माजघरांत सांगितलेल्या आणि ओसरीवर सांगितलेल्या गोष्टींत अंतर असतें. ओसरीवरची आमच्या वांट्यास आली.

प्रथम आम्हीं त्यास विचारलें कीं, पाण्यांत भिंग बदलतां तरी कसें येतें? तो हंसून म्हणाला, "नानाआजोबा, आंतलें भिंग बदलत नाहींच. पाण्यांत पेटी उघडली कीं कॅमेरा गेलाच!" १९६३ सालीं निघालेला निकोनॉस नांवाचा कॅमेरा पेटीशिवायच पाण्यांत जात असे, पण त्याचें मुख्य भिंगहि पाण्यांत काढतां येत नसे. आतांचा कॅमेरा जलाभेद्य पेटींत बसवितात आणि पेटीच्या कांचेवर बाहेरून जास्तीचें भिंग लावतात. तें पाण्यांतच लावावयाचें व पाण्यांतच काढावयाचें, म्हणून त्यास 'ओलें भिंग' म्हणतात.

याची गरज वक्रीभवनामुळें पडते. पेटींत हवा, बाहेर पाणी, मध्यें सपाट कांच. पाण्यांतून हवेंत येतांना किरण वांकतात. त्यामुळें वस्तु पाऊण अंतरावर आणि सुमारें एकतृतीयांशानें मोठी दिसते व दृश्याचा विस्तार आक्रसतो. तो परत मिळविण्यास विस्तृत दृश्याचें भिंग लागतें. त्यायोगें वस्तूच्या अगदीं जवळ जाऊनहि ती संपूर्ण चित्रांत येते, आणि मधलें गढूळ पाणी कमी होतें. उलट, बोटाच्या पेराएवढ्या समुद्रगोगलगाईसाठीं निराळें भिंग हवें. एकाच बुडींत दोन्ही प्रसंग येतात. एक भिंग पेटीवर लागतें. दुसरें ठेवावें कोठें, हा सारा प्रश्न.

आमच्या चिरंजीवांनीं तें जाकिटाच्या उघड्या खिशांत ठेविलें होतें. काढतांना बोटांतून निसटलें. जाड कांचेचें भिंग दगडासारखें खालीं जातें. हाहि डोकें खालीं करून त्याच्या मागें गेला. सोबत्यास खूण केली नाहीं, हवेचा कांटा पाहिला नाहीं. तळाशीं हात घालतांच गाळ उठला आणि समोरचें दिसेनासें झालें. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब वरच्या दुप्पट असतो, म्हणून एका श्वासास हवाहि दुप्पट लागते. त्यांत धांदल झाली म्हणजे सिलिंडर पाहतां पाहतां रिकामा होतो. अशा वेळीं घाबरून कोणी श्वास कोंडून झपाट्यानें वर आला, तर फुप्फुसांतील हवा प्रसरण पावून तीं फाटण्याचें भय असतें. सुदैवानें सोबत्यानें मागून पाय धरला व कांटा डोळ्यांपुढें आणला. दोघे सावकाश वर आले. भिंग तळाशीं राहिलें.

हें सर्व आम्हीं एकट्यानेंच ऐकलें अशी आमची समजूत होती. वहिनी दाराआड वाती वळीत बसल्या होत्या. त्या बाहेर आल्या आणि त्यांनीं भिंगाची किंमत विचारली. त्यानें ती सांगितली. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "पुन्हां पडलें तर पडूं दे. पैसे मी देईन. पण त्याच्या मागें जाणार नाहींस, एवढें सांग." पोरानें मान खालीं घातली.

आमच्या लहानपणीं विहिरींत कळशी पडे. पडतांच तिच्यामागें कोणी उडी घेत नसे. शेजाऱ्यांकडून गळ आणीत आणि दुसऱ्या दिवशीं, पाणी निवळल्यावर, कळशी काढीत. पडलेलें भांडें विहिरींत थांबतें. माणसाचा श्वास थांबत नाहीं. भिंगाचेंहि तसेंच. जागा ध्यानांत ठेवावी, वर येऊन नावाड्यास सांगावें, आणि भरल्या सिलिंडरानें पुन्हां उतरावें. सांपडलें तर उत्तम. शकुंतलेची अंगठी माशाच्या पोटांतून परत आली, पण प्रत्येक कोळ्याकडून तशी आशा धरूं नये!

मात्र पडूं न देणें हें अधिक बरें. दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे परसांतील हौदाशीं बसलों. त्याच्याजवळ राहिलेलें दुसरें भिंग आट्यांचें होतें. फेरे देतां देतां हात थकतो व आटे तिरपे बसतात. अर्ध्या फिरकीनें बसणारी खांच लावून घेतां येते; ती बरी. दिव्याच्या दांड्यावर भिंग अडकविण्याचें बूड मिळतें. न लागणारें भिंग खिशांत न ठेवतां तेथें बसवावें. भिंगापासून पेटीपर्यंत वीतभर मजबूत दोरी असावी, म्हणजे हातून सुटलें तरी तें लोंबकळेल. दोरी लांब नको. ती प्रवाळांत किंवा कोळ्यांच्या जाळ्यांत गुंतते. पेटी जाकिटाच्या कडीस आंकड्यानें अडकवावी, पण तो एका अंगठ्यानें सुटणारा असावा. गळ्यांत किंवा मनगटास पक्की गांठ मारूं नये. पोहऱ्याची दोरी राहाटास बांधतात, पाणी काढणाराच्या कमरेस नव्हे.

भिंग बदलतांना तरंगत स्थिर व्हावें, खालीं वाळू असावी, प्रवाळ नसावें, आणि सोबत्यास आधीं खूण करावी. दोन कांचांमधील बुडबुडे बोटानें पुसावे. नाहीं तर ते चित्रांत उमटतात. वर आल्यावर सर्व सामान गोड्या पाण्यांत भिजत ठेवावें.

डोळे मिटून, हातमोजे घालून, त्यानें हौदांत तें भिंग वीस वेळां काढलें व लावलें. पहिल्या पांच खेपांत तें दोनदां सुटलें आणि दोन्ही वेळां दोरीवर राहिलें.

मार्गशीर्षांत तो पुन्हां मालवणास गेला. संध्याकाळीं त्याचा फोन आला. वहिनींनीं भिंगाची चौकशी केली नाहीं, "सगळे वर आलां ना?" एवढेंच विचारलें. ज्यांच्या घरचीं मुलें असल्या नादांत आहेत, त्यांनीं दोरी तर तपासावीच; पण निघण्यापूर्वीं वहिनींनीं घेतलें तसें वचनहि घ्यावें.