शिकाऊ परिचारिका : विद्यार्थिनी की बिनपगारी हात?

मथुरा लाइनवरील बल्लभगड रेल्वे बांधवांना ठाऊक आहे. तेथे १९६५ पासून दिल्लीच्या एम्सचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प चालू आहे. एम्सच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनी तेथे शिकायला जातात. १९४६ साली दिल्लीत स्थापन झालेल्या, आज राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिचर्या महाविद्यालयाचे असेच केंद्र छावला गावात आहे.

हे शिक्षण आम्हाला मोलाचे वाटते. क्षयाच्या गोळ्या मध्येच का सुटतात, हे वॉर्डातील केसपेपरवरून कळत नाही. दवाखान्याच्या रांगेत उभे राहिले की मजुरी बुडते, हे घरी गेल्यावरच कळते. रोगामागची गरिबी जिला दिसली, ती परिचारिका रुग्णावर ओरडत नाही.

परंतु ही सामाजिक जाणीव रुग्णाच्या उंबरठ्यावरच का थांबावी? जेथे कायम पदे रिकामी असतात, तेथे शिकाऊ मुलीला त्या जागी उभे केले जाते. शिकवणारी बाई जवळ नसते, आणि चूक झाली तर जबाब मात्र मुलीला द्यावा लागतो. रेल्वे वर्कशॉपमधील अॅप्रेंटिसला १९६१ च्या कायद्याने विद्यावेतन तरी ठरलेले आहे. खासगी महाविद्यालयातील मुलगी बहुधा फी भरून राबते. कामाचे पूर्ण ओझे आणि कर्मचाऱ्याचा दर्जा मात्र नाही, हे दुखणे टपाल खात्यातील ग्रामीण डाक सेवकांना समजावून सांगायला नको.

शिक्षण संपल्यावर तरी सुटका होते काय? खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये वेतनाची शिफारस केली. पण शिफारस कागदावरून पगारपत्रकात उतरवायला संघटनेचे बळ लागते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. विद्यार्थिनींची गणना कर्मचारी संख्येत करू नये. प्रत्येक पाळीत शिक्षिका हजर असावी. इंटर्नशिपला विद्यावेतन आणि रात्रपाळीला सुरक्षित वाहन मिळावे.

बांधवांनो, आपल्यापैकी अनेकांच्या मुली या शिक्षणात आहेत. त्यांना पाळीची विचारपूस करा, हक्कांची माहिती द्या. आजची शिकाऊ ही उद्याची कर्मचारी आहे. तिला संघटनेची ओळख नेमणूकपत्र मिळाल्यावर नव्हे, वॉर्डातील पहिल्या पाळीतच झाली पाहिजे.