शेरा : स्थलांतरित

जव्हार-मोखाड्याकडच्या अंगणवाडीतले वजनाचे रजिस्टर दिवाळीनंतर उघडून पाहा. एकेका नावापुढे शेरा पडत जातो : 'स्थलांतरित'. त्या शेऱ्यापुढे रकाना नसतो.

1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. तेव्हापासून आपण पुष्कळ शिकलो. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की मूल तीव्र कुपोषित, हे आशाताई फीत गुंडाळताच ओळखते. पोषण पुनर्वसन केंद्रे आली, एफ-75 आणि एफ-100 हे उपचाराचे दूध आले, 2015 पासून गरोदर व स्तनदा मातांना अमृत आहार सुरू झाला. यातले काहीच टाकाऊ नाही. पण कुटुंब बारा महिने एकाच पाड्यावर राहते, असे या साऱ्याने धरून चाललेले आहे.

कातकरी कुटुंब तसे राहत नाही. पावसाळ्यात हाताला काम नसते, म्हणून भट्टीच्या शेठकडून बयाणा उचललेला असतो. दिवाळी सरली की तो फेडायला भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर. मजुरी हजार विटांमागे, नवरा-बायकोच्या जोडीला. आठवड्याला खाण्यापुरती खर्ची हाती पडते, हिशेब पावसाच्या तोंडावर. आई पहाटेच चिखलात उतरते आणि बाळ सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे भरवायला हवे, हे आपण आईला समजावून सांगतो. भरवणारी मात्र ती बहीण असते आणि तिच्याकडे सकाळचा उरलेला भात असतो.

पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस भरती व्हा म्हटले की जोडी मोडते. विटा थांबतात, खर्ची आटते. आई पाचव्या दिवशी निघून जाते आणि आपण केसपेपरवर लिहितो, 'न सांगता गेली'. (प्रस्तुत संपादकाच्या अक्षरातलेही असे कागद सापडतील.)

वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणीपासून तीन महिन्यांत ती द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2006 चा आदेश आहे. एका भट्टीवर चाळीस मुले क्वचितच भरतात. भरली तरी तीन महिन्यांत निम्मा हंगाम उलटलेला असतो.

तेव्हा मागणे छोटे आहे. केसपेपरवर दोन ओळी वाढवा : दिवाळीनंतर कुठल्या गावच्या भट्टीवर जाणार आणि तिथली जवळची अंगणवाडी कोणती. फेरतपासणीची तारीख त्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, वजनासकट. फोन पुरेल.

अडचण एवढीच की मोखाड्याच्या डॉक्टरकडे भिवंडीच्या डॉक्टरचा नंबर नसतो. आपले वर्गणीदार दोन्हीकडे आहेत. ऑक्टोबरच्या अंकात त्यांची तालुकावार यादी फोन क्रमांकांसह छापत आहोत. ज्यांची संमती असेल त्यांनी 15 सप्टेंबरपर्यंत पोस्टकार्ड टाकावे.