खेळाडूचा रास्त भाव कोणाच्या बाजूने मोजायचा?

चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स या दोन संघांमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेली अदलाबदल हा क्रिकेटरसिकांच्या वादाचा विषय ठरली. संजू सॅमसन चेन्नईकडे गेला आणि त्याच्या बदल्यात रवींद्र जडेजा व इंग्लंडचा अष्टपैलू सॅम करन असे दोन खेळाडू राजस्थानच्या पदरात पडले. एकाच्या बदल्यात दोन, म्हणजे चेन्नईने घाई केली, असे काहींचे म्हणणे. सॅमसन नुकताच ३१ वर्षांचा झालेला, जडेजा मात्र सदतीस पूर्ण करण्याच्या बेतात, म्हणजे राजस्थाननेच उतरत्या वयाचा माल घेतला, असे इतरांचे. कोण फसले आणि कोणी फसविले, याचीच चर्चा अधिक झाली.

या गदारोळात एका आकड्याकडे मात्र द्यावे तितके लक्ष दिले गेले नाही. सॅमसन राजस्थानकडे १८ कोटी रुपयांवर होता. चेन्नईतही त्याची रक्कम १८ कोटीच राहिली. करनचे २ कोटी ४० लाख जसेच्या तसे राहिले. जडेजाच्या १८ कोटींचे मात्र १४ कोटी झाले. हिशेब सरळ आहे. जडेजा जुन्याच रकमेवर गेला असता तर राजस्थानवर सॅमसनला मोजलेल्या रकमेपेक्षा २ कोटी ४० लाखांचा अधिक बोजा पडला असता. नव्या रकमेमुळे तो १ कोटी ६० लाखांनी उलट हलका झाला. दोन संघांच्या तागडीतील फरक मिटला, पण तो मिटविण्यासाठी लागलेले वजन खेळाडूच्या मानधनातून काढले गेले. अशा व्यवहाराला खेळाडूची संमती लागते आणि ती जडेजाने दिली, हे खरेच. तथापि सौदा रास्त होता की नव्हता याचा निवाडा करताना केवळ दोन मालकांच्या तागड्या पाहणे पुरेसे आहे काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

खेळाडूंच्या अदलाबदलीचे मोल कसे जोखावे, याचा सर्वांत चिकाटीने विचार करणारा वर्ग आपल्याकडे संघांच्या कार्यालयांत नव्हे, तर घरोघरी संगणकापुढे बसलेला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. १९९२ साली इंग्लंडमध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ नावाचा संगणकीय खेळ आला. त्याच्या निर्मात्यांनी २००४ पासून ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने तो पुढे चालविला. यात खेळणाऱ्याने चेंडूला पाय लावायचा नसतो; क्लब चालवायचा, खेळाडू घ्यायचे, विकायचे आणि पगारपत्रक सांभाळायचे. प्रत्येक खेळाडूच्या गुणांना १ ते २० पर्यंत अंक दिलेले असतात आणि त्यामागे आजची कुवत व गाठता येण्याजोगी कमाल कुवत असे दोनशेपैकी मोजलेले दोन आकडे दडविलेले असतात. ही माहिती देशोदेशींचे निरीक्षक गोळा करतात. २००८ मध्ये एव्हर्टनसारख्या नामांकित इंग्लिश क्लबने खेळाडू हेरण्यासाठी याच माहितीचा वापर करण्याचा करार केला होता. पुण्या-मुंबईतील महाविद्यालयीन तरुणांना हा खेळ नवा नाही.

संगणकाशी सौदा करणे सोपे. त्याच्या खोडी कळल्या की त्याला गंडविताही येते. खरी अडचण दोन मित्र एकाच स्पर्धेत दोन क्लब चालवीत असतात तेव्हा येते. एकाने आपला आघाडीवीर दुसऱ्याला दिला आणि बदल्यात दोन मध्यम खेळाडू घेतले, की उरलेले सारे ‘हा सौदा संगनमताचा आहे’ म्हणून ओरड करतात. मग रास्त भाव ठरवायचा कसा? पडद्यावर दिसणारे मूल्य म्हणजे भाव नव्हे, हे मुरलेला खेळाडू जाणतो. तो केवळ अंदाज असतो. करार संपण्यास किती अवधी उरला आहे, हे तो आधी पाहतो, कारण सहा महिन्यांनी फुकट मिळणाऱ्या माणसासाठी आज तिजोरी कोणी रिती करीत नाही. त्यानंतर तो स्वत:ला विचारतो, की हा गेला तर त्याच्या जागी तसाच दुसरा आणायला मला काय पडेल? ‘एकास दोन’च्या बेरजेवर तर तो मुळीच भाळत नाही. मैदानात अकराच उतरतात. साठ-साठ गुणांचे दोघे मिळून एकशेवीस गुणांचा एक होत नाही. आयपीएलमध्येही संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू आणि त्यांत ८ परदेशी अशी मर्यादा असल्याने करनसारखा खेळाडू घेताना त्याच्या मानधनाइतकीच त्याने अडविलेली परदेशी जागाही मोजावी लागते.

या खेळात आणखी एक शिस्त आहे, आणि आपल्या चर्चेत ती नेमकी हरविते. क्लबने क्लबला द्यावयाची रक्कम एका रकान्यात आणि खेळाडूचा पगार दुसऱ्या रकान्यात असतो. हे खेळाच्या निर्मात्यांचे चातुर्य नव्हे. युरोपातील फुटबॉलचा व्यवहारच तसा आहे. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बेल्जियमचा खेळाडू बॉसमन याच्या प्रकरणात निर्णय दिला, त्यामुळे युरोपीय संघातील खेळाडू करार संपल्यावर तेथील दुसऱ्या क्लबकडे विनामूल्य जाण्यास मोकळा झाला. तेव्हापासून क्लबला मिळणारी किंमत ही खऱ्या अर्थाने उरलेल्या कराराची किंमत झाली, माणसाची नव्हे. नेमारसाठी २०१७ मध्ये पॅरिसच्या क्लबने मोजलेले २२ कोटी २० लाख युरो हे बार्सिलोनाच्या करारातून त्याला सोडविण्याचे मूल्य होते. त्याचा पगार वेगळा.

आपल्या लीगमध्ये या दोन गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्या आहेत. लिलावात पुकारली जाणारी रक्कम हाच खेळाडूचा मोसमाचा पगार. त्यामुळे आपण ‘किंमत’ म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो, हे आपल्यालाच उमगत नाही. वेंकटेश अय्यरला नोव्हेंबर २०२४ च्या जेद्दा येथील लिलावात कोलकात्याने २३ कोटी ७५ लाखांना घेतले; २०२५ च्या मोसमात त्याच्या १४२ धावा झाल्या; कोलकात्याने त्याला मोकळे केले आणि डिसेंबर २०२५ च्या लिलावात बंगळुरूने त्याला ७ कोटींना घेतले. एका वर्षात त्याच्या फलंदाजीची कुवत सुमारे सत्तर टक्क्यांनी घटली, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. जेद्दामध्ये प्रत्येक संघाची थैली १२० कोटींची होती आणि बहुतेक संघ नव्याने उभारायचे होते. एका संघाला आपला जुना खेळाडू हवा होता, दुसराही हट्टाला पेटला, आणि आकडा चढत गेला. डिसेंबरच्या लिलावात बहुतेक संघ बांधून झालेले होते आणि उरलेल्या मोजक्या जागाच भरावयाच्या होत्या. बाजार बदलला, माणूस तोच राहिला.

हे सत्य समजून घेण्यासाठी युरोप वा जेद्दा गाठण्याची खरे तर आवश्यकता नाही. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेला जावे. पावसाची कायम ओढ असलेल्या या मुलखाने खिलार बैल घडविला. पशुशास्त्राच्या ग्रंथांतही ‘म्हसवड खिलार’ असा या जातीचा स्वतंत्र प्रकार नोंदला गेला आहे. येथील व शेजारच्या खटाव तालुक्यातील पुसेगावच्या बाजारात जुन्या रीतीचा सौदा रुमालाखाली होत असे. घेणारा आणि देणारा हात झाकून बोटे दाबतात आणि भोवतीच्या गर्दीला भावाचा पत्ता लागत नाही. शहरी माणसाला ही लबाडी वाटेल. पण त्यामागे व्यवहारज्ञान आहे. एका गिऱ्हाइकाला परवडलेला भाव दुसऱ्यासाठी रास्त असेलच असे नाही, हे या रीतीत गृहीतच धरलेले आहे. ज्याच्या दावणीला एक चांगला बैल आहे आणि त्याला शोभेलशी जोड मिळत नाही, तो त्याच खोंडासाठी शेजाऱ्यापेक्षा अधिक मोजतो. त्यात त्याची फसवणूक नसते. वय दातांवरून कळते. आदत, दुसा, चौसा ही परिभाषा म्हणजे संगणकातील वयाच्या रकान्याचेच जुने रूप. जाणता शेतकरी आदत खोंडात पुढचा बैल पाहतो आणि त्या आशेचेही पैसे देतो.

शर्यतीच्या बैलांच्या बाबतीत तर भाव हा सर्वस्वी नियमांवर टांगलेला असतो, याचा अनुभव माणदेशाने घेतला आहे. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने खेळ-तमाशासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदीची मोहोर उमटविली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तरी प्रत्यक्ष शर्यतींना १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाची अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. या काळात बैलाच्या पायातला वेग काही कमी-जास्त झाला नव्हता. परंतु जो वेग दाखवायला मैदान नाही, त्याला गिऱ्हाईक कोठून मिळणार? शेतीकाम ट्रॅक्टरकडे गेल्यावर शर्यतीची शक्यता हाच धावत्या बैलाच्या भावाचा मोठा आधार होता, आणि तो आधार एका निकालाने गेला व दुसऱ्याने परत आला. (बैलांच्या हालअपेष्टांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो क्षुल्लक नाही; येथे विषय भावाचा आहे.)

माणसांच्या खेळातही अगदी हेच घडते. जुलै २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांचा करार अधांतरी राहिल्याने इंडियन सुपर लीगचा मोसम लांबणीवर टाकण्यात आला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगारच थांबविले. गोव्याच्या वा मुंबईच्या मैदानावर वाढलेल्या फुटबॉलपटूची कुवत त्या महिन्यांत होती तेवढीच होती. संगणकातील खेळात असला प्रसंग येत नाही. तेथे वेळापत्रक ठरल्या दिवशी सुरू होते, पगार महिन्याच्या महिन्याला जमा होतो आणि बाजाराची खिडकी नेमाने उघडते. त्या खेळातील मूल्यमापन आपल्याकडे तंतोतंत लागू पडत नाही, याचे कारण खेळाडूंच्या गुणांत नसून या गृहीतकांत आहे.

बैलाची तुलना एका ठिकाणी मात्र संपते, आणि तेथेच मूळ प्रश्न सुरू होतो. बैलाला भाव मागता येत नाही. खेळाडूला येतो; निदान यायला हवा. जडेजाचीच गोष्ट पाहा. २००८ च्या पहिल्या स्पर्धेत विजेत्या ठरलेल्या राजस्थानमधूनच तो पुढे आला. २०१० मध्ये मात्र इतर संघांशी परस्पर बोलणी केल्याबद्दल त्याला संपूर्ण मोसमासाठी बाहेर बसावे लागले. स्वत:चा भाव स्वत: विचारल्याची ती शिक्षा होती. पंधरा वर्षांनी त्याच राजस्थानकडे तो परतला तेव्हा वाटाघाटी संघांनी केल्या आणि घट त्याच्या वाट्याला आली. लीगला शिस्त हवी, थैलीला मर्यादा हवी, हे मान्य. अन्यथा श्रीमंत संघ सारेच गिळून बसतील. परंतु थैलीची मर्यादा पाळण्यासाठी दोन संघांच्या सौद्यातील फरक खेळाडूच्या मानधनातून भरून निघणार असेल, तर त्या सौद्याला ‘दोन्ही बाजूंनी रास्त’ म्हणताना तिसरी बाजू मोजलेलीच नसते. संघांमधील फरक रोख हस्तांतरण शुल्काने मिटविण्याची सोय आयपीएलमध्ये आहेच. हार्दिक पंड्या २०२३ मध्ये गुजरातकडून मुंबईकडे रोख व्यवहारातच आला. ती रक्कम मात्र जाहीर झाली नाही. म्हणजे रुमाल येथेही आहेच, फक्त तो रेशमी आहे.

चौथीही एक बाजू आहे, ती तर तागडीच्या आसपासही फिरकत नाही. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या नियमानुसार करार चालू असताना एखादा खेळाडू दुसऱ्या देशातील क्लबला विकला गेला, की शुल्काचा ५ टक्के भाग त्याला वयाच्या बाराव्यापासून तेविसाव्या वर्षापर्यंत घडविणाऱ्या क्लबांत वाटला जातो. आपल्या कबड्डीत वा क्रिकेटच्या लीगमध्ये अशी तरतूद नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतले आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना. खेळाडूला त्याचे मोल मिळाले, हे उत्तमच झाले. त्याला मातीवर उभे करणाऱ्या मंडळाचा त्यात वाटा नव्हता.

ज्या क्रीडाप्रकारांना बाजारच नाही, त्यांची स्थिती याहून बिकट. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबरने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा तत्कालीन राष्ट्रीय विक्रम नोंदविला आणि अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळविला. पी. टी. उषानंतर, म्हणजे १९८४ नंतर, ऑलिंपिकमधील धावण्याच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. धावपटूंचा लिलाव होत नाही, अदलाबदल होत नाही. तिला आधार होता तो रेल्वेतील नोकरीचा.

तूर्त कबड्डीपुरता तरी प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. १ कोटी ४५ लाखांचे ५ टक्के म्हणजे ७ लाख २५ हजार रुपये होतात. खेळाडू कोणत्या वर्षी कोणत्या मंडळाकडून खेळला, याची नोंद जिल्हा संघटनांकडे असायला हवी. नसेल तर ती ठेवणे फारसे खर्चाचे काम नाही. ही रक्कम संघमालकांनी बोलीवर वेगळी भरावी, खेळाडूच्या मानधनातून कापून नव्हे, एवढी अट पुढच्या लिलावाच्या नियमावलीत घालता येईल.